अतिदक्षता विभागातील परिचारिका आणि दुसरा बाण

जव्हार ते नाशिक हे अंतर सुमारे ८० किलोमीटर. मोखाड्याच्या पाड्यावरचा सर्पदंशाचा रुग्ण असो, बाळंतपणात रक्तस्राव झालेली माता असो की कमी वजनाचे बाळ असो, प्रकृती फार गंभीर झाली की पुढचा प्रवास घाटरस्त्याने नाशिककडे, नाहीतर ठाणे-मुंबईकडे होतो. या प्रवासाच्या शेवटी अतिदक्षता विभागाचा, म्हणजे आयसीयूचा दरवाजा असतो. नातेवाईक दाराबाहेर थांबतात. डॉक्टर राउंड घेऊन पुढच्या वॉर्डात जातात. रुग्णाजवळ पाळीभर उभी राहते ती परिचारिका, आपली ‘सिस्टर’.

ही सिस्टर अनेकदा आपल्याच घरातली असते. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलींनी एएनएम, जीएनएम करून घराला पहिला नियमित पगार आणून दिला. जयंतीच्या मंचावर आपण त्यांना शाल आणि पुष्पगुच्छ देतो. पण रात्रपाळी संपवून ती सकाळी घरी येते, चप्पल काढून तशीच भिंतीला टेकून बसते, तेव्हा तिच्या मनात काय चालले आहे हे सहसा कोणी विचारत नाही.

यावर सध्या दोन उत्तरे ऐकू येतात. एक उत्तर व्यवस्थापनाचे : ‘ताण येतो ना, मग ध्यान करा.’ दुसरे उत्तर आपल्या चळवळीतल्या काही साथींचे : ‘ध्यान ही पळवाट आहे, आधी रिक्त जागा भरा.’ आम्हाला ही दोन्ही उत्तरे अर्धी वाटतात. तथागतांच्या धम्मात मनाची साधना आहे आणि सेवा करणाऱ्याच्या हक्काची व्यवस्थाही आहे. एक घेऊन दुसरे सोडले तर परिचारिकेला ना विश्रांती मिळते ना न्याय. हे कसे, ते या लेखात समजून घेऊ.

थकवा एकाच प्रकारचा नसतो

‘थकले’ या एका शब्दात आयसीयूतली परिचारिका निदान चार वेगळ्या गोष्टी सांगत असते.

पहिला थकवा शरीराचा. बेशुद्ध रुग्णाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असते. नळीतून कफ काढणे, औषधांचे पंप बदलणे, लघवीचे माप, रक्तदाबाची नोंद, हे सगळे उभ्यानेच. रात्रपाळीत शरीराचे अंतर्गत घड्याळ झोप मागते आणि काम जागरण मागते.

दुसरा थकवा कानांचा आणि लक्षाचा. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सलाईनचा पंप, प्रत्येकाचा अलार्म वेगळा. त्यातले बरेच अलार्म किरकोळ कारणाने वाजतात, पण एखादा जीव वाचवणारा असतो. सतत वाजणाऱ्या आवाजांमुळे मेंदू हळूहळू बधिर होतो. याला वैद्यकीय भाषेत ‘अलार्म फटीग’ म्हणतात. यातून चुका होऊ शकतात आणि चुकीची भीती पुन्हा ताण वाढवते.

तिसरा थकवा करुणेचा. अमेरिकेत कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ साली परिचारिकांच्या संदर्भात ‘कम्पॅशन फटीग’ हा शब्द वापरला. रोज कोणाचे तरी दुःख आपल्या अंगावर घेत राहिले की एक दिवस आतले झरे आटतात. रुग्ण ‘बेड नंबर चार’ होतो. नातेवाइकांवर विनाकारण खेकसले जाते आणि नंतर स्वतःचीच लाज वाटते.

चौथा थकवा सर्वांत कमी बोलला जातो, तो म्हणजे नैतिक कोंडी. काय करणे योग्य आहे हे कळते, पण ते करता येत नाही. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचर्येतील या यातनेला ‘मॉरल डिस्ट्रेस’ असे नाव दिले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एकास एक परिचारिका हवी हा निकष तिने पुस्तकात शिकलेला असतो. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला दोन-तीन रुग्ण आले की कोणाकडे आधी धावायचे हा प्रश्न तिने सोडवायचा आणि उत्तर चुकले तर ओझेही तिनेच वाहायचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना त्याला आजार म्हटले नाही, कामाच्या जागेतून निर्माण होणारी अवस्था म्हटले. त्याची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दुरावणे किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. म्हणजे मूळ कारण परिचारिकेच्या स्वभावात शोधण्याआधी तिच्या कामाच्या जागेत शोधायला हवे.

दोन बाण

संयुक्त निकायातील सल्ल सुत्तात तथागतांनी एक साधी उपमा दिली आहे. एखाद्याला बाण लागतो, वेदना होते. त्यानंतर तो शोक करतो, छाती पिटतो, गोंधळतो. हा जणू त्याच जागी लागलेला दुसरा बाण. पहिला बाण शरीराचा, दुसरा मनाचा. साधना केलेल्या माणसालाही पहिला बाण लागतोच. मात्र दुसरा तो स्वतःला लागू देत नाही.

आयसीयूत हे दोन्ही बाण स्पष्ट दिसतात. सतत धडपड करूनही रुग्ण जातो, हा पहिला बाण. ‘माझ्याकडूनच काही राहिले का? पाच मिनिटे आधी डॉक्टरांना फोन केला असता तर?’ हे चक्र घरी, जेवताना, झोपेत फिरत राहते, हा दुसरा. पहिल्या बाणाने डोळ्यांत पाणी येते, ते माणूसपणाचे आहे. दुसऱ्या बाणाने झोप उडते.

ध्यान काम करते ते या दुसऱ्या बाणावर. श्वासाकडे पाहायला शिकलेले मन विचाराला विचार म्हणून ओळखते. ‘मी वाईट परिचारिका आहे’ हे सत्य नाही, थकलेल्या मनात उठलेली एक लाट आहे, हे तिला दिसते. लाट उठते, थोडा वेळ राहते, विरते. अनित्यतेचा हा अनुभव ग्रंथातून मिळत नाही, बसूनच मिळतो.

शरीराच्या पातळीवरही याला आधार आहे. धोका जाणवला की हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठतात, ताणाची संप्रेरके वाढतात. अलार्म बंद झाला तरी शरीर लगेच शांत होत नाही. सावकाश, लांब उच्छ्वास सोडला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरायला मदत होते. येथे एक फरक लक्षात ठेवावा. श्वास मुद्दाम सावकाश करणे हा व्यायाम आहे; आनापानसतीत श्वास जसा आहे तसा फक्त जाणायचा असतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही एक नाहीत.

करुणा थकवते का?

‘फार जीव लावू नको, कोरडी हो’ असा सल्ला नव्या परिचारिकेला जुन्या सहकारी मायेने देतात. धम्माचे म्हणणे वेगळे आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार एकत्र शिकायचे आहेत. यातील उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. आपण होईल ते सर्व करू, परिणाम मात्र पूर्णपणे आपल्या हाती नाही, हे समजून राखलेला समतोल म्हणजे उपेक्षा.

जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी याच्याशी जुळणारा अभ्यास केला. दुःखी माणसांची चित्रफीत पाहताना ‘त्याचे दुःख स्वतः अनुभवा’ असे शिक्षण घेतलेल्यांच्या मनात नकारात्मक भावना वाढल्या. त्याच लोकांना नंतर मैत्री-करुणेचे प्रशिक्षण दिल्यावर मन सावरले आणि सकारात्मक भावना वाढल्या. दोन्ही वेळी मेंदूतील वेगवेगळी जाळी सक्रिय होती. म्हणजे माणसाला थकवते ते दुसऱ्याच्या दुःखात बुडून जाणे. काठावर पाय रोवून हात देणे ही वेगळी क्रिया आहे आणि ती शिकता येते.

सेदक सुत्तातील बांबूवरच्या डोंबाऱ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. गुरू शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, नाही गुरुजी, तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळते. तेव्हाच आपण दोघे सुखरूप खाली उतरू. तथागतांनी शिष्याची रीत बरोबर ठरवली आणि पुढे सांगितले की स्वतःचे रक्षण करताना दुसऱ्याचे रक्षण होते आणि दुसऱ्याचे रक्षण करताना स्वतःचे. परिचारिकेने स्वतःसाठी दहा मिनिटे घेणे हा स्वार्थ नाही. तिचा तोल हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे.

पाळीत काय करता येईल?

इगतपुरीचे धम्मगिरी आपल्या भागापासून दूर नाही. खोडाळ्याच्या बाजूने डोंगर उतरून कसारा आणि घाट चढला की इगतपुरी. सत्यनारायण गोयंका १९६९ साली म्यानमारहून भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत पहिले शिबिर झाले आणि १९७६ पासून धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस आनापान आणि त्यानंतर विपश्यना शिकवतात. शुल्क नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सवलत देणारे शासन निर्णय आहेत. त्याची माहिती आस्थापना शाखेत विचारून घ्यावी. कंत्राटी भगिनींची रजा मात्र त्यांच्या करारातील अटींवर ठरते आणि दहा दिवस सलग मिळणे त्यांना फार अवघड जाते.

म्हणून शिबिराची वाट न पाहता ड्युटीच्या आत बसणारी साधना हवी. आम्ही पुढील पाच गोष्टी सुचवतो.

एक, हात धुताना श्वास. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार सॅनिटायझरने हात चोळायला २० ते ३० सेकंद आणि साबणाने धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. हे काम पाळीत अनेकदा करावेच लागते. तेवढा वेळ मोबाईल नाही, बोलणे नाही. पाण्याचा स्पर्श आणि आत-बाहेर जाणारा श्वास एवढेच. वेगळा वेळ काढावा लागत नाही, संसर्ग टळतो आणि एका रुग्णाचा ताण दुसऱ्या रुग्णापर्यंत जात नाही.

दोन, हँडओव्हरपूर्वी तीन श्वास. पाळी घेताना आणि देताना घाई सर्वांत जास्त असते. फाइल उघडण्याआधी दोन्ही पाय जमिनीवर टेकल्याची जाणीव ठेवून तीन श्वास घ्यावेत.

तीन, मृत्यूनंतर एक मिनिट मौन. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी रुग्णाचा मृत्यू झाल्यावर सर्व कर्मचाऱ्यांनी पलंगाभोवती क्षणभर शांत उभे राहण्याची पद्धत सुरू केली आणि ती अनेक देशांत पोहोचली. त्यात कोणत्याही धर्माची प्रार्थना म्हणायची नसते. आपल्याकडेही ही पद्धत कोणाच्या श्रद्धेला न दुखावता पाळता येईल. गेलेल्या माणसाचा आदर आणि उपचार करणाऱ्यांच्या कष्टाची नोंद एकाच मिनिटात होते.

चार, घरी पोहोचल्यावर दहा मिनिटे आनापान. नाकपुडीखाली श्वासाचा स्पर्श पाहावा. मन भटकले तर स्वतःला न रागावता परत आणावे. डोळा लागला तर लागू द्यावा. शरीराने झोप मागितली असेल तर ती झोप आधी.

पाच, शेवटी मंगल मैत्री. ती आधी स्वतःसाठी, मग घरच्यांसाठी, मग आजच्या रुग्णांसाठी, आणि जमेल तेव्हा आज ज्यांच्याशी वाद झाला त्यांच्यासाठीही.

सावधगिरीचे दोन शब्द. रुग्णाजवळ असताना डोळे मिटून ध्यान करायचे नसते. तिथे कामातली जागरूकता हीच सती. दुसरे म्हणजे, तीव्र नैराश्य, मनावर खोल आघात किंवा जगणे नको असे विचार असतील तर लांब मौन शिबिराला जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. मदत मागणे म्हणजे साधनेत कमी पडणे नव्हे. औषध घेणाऱ्या रुग्णाला आपण कमजोर म्हणत नाही, मग स्वतःला का म्हणायचे?

ध्यान काय करू शकत नाही

जगभर परिचारिकांवर झालेल्या ध्यानाच्या अभ्यासांतून ताण आणि चिंता काही प्रमाणात कमी झाल्याचे दिसते. बरेच अभ्यास लहान गटांवर आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. फायदा आहे, पण तो चमत्कार नाही, एवढे प्रामाणिकपणे म्हणता येते.

वर सांगितलेल्या चार थकव्यांकडे पुन्हा पाहा. करुणेच्या थकव्यावर ध्यान चांगले काम करते. लक्षाच्या थकव्यात थोडी मदत करते. शरीराच्या थकव्याला मात्र झोप आणि साप्ताहिक सुट्टीच लागते. आणि नैतिक कोंडी? तिथे ध्यान फक्त एवढेच दाखवते की ही कोंडी माझ्या आतली नाही, बाहेरची आहे.

आपल्या राज्याने हे जवळून पाहिले आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन किमान २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, आपल्याच पालघर जिल्ह्यात विरारच्या कोविड रुग्णालयातील आयसीयूला आग लागून किमान १३ रुग्णांचा मृत्यू झाला. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयू जळाले, ११ रुग्ण गेले आणि पुढे वैद्यकीय अधिकाऱ्यासोबत परिचारिकांनाही अटक झाली. यंत्रणा कोसळते तेव्हा तिथे हजर असलेली माणसे सर्वांत आधी हाती लागतात. हा बाण परिचारिकेने श्वास पाहून सहन करावा असे सांगणे हा धम्म नाही. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तो प्रश्नही याच कोंडीचा होता.

जव्हार-मोखाड्याला तर हे नव्याने सांगायला नको. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी देश हादरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. तरीही कुपोषित बाळ, गरोदर माता आणि गंभीर रुग्ण यांना घेऊन रुग्णवाहिका घाट उतरतच राहिल्या. डोंगरातल्या आरोग्यसेविकेपासून मोठ्या शहरातल्या आयसीयूच्या सिस्टरपर्यंत एकच साखळी आहे. खालच्या कडीवर माणूस कमी असला की रुग्ण उशिरा पोहोचतो आणि वरच्या कडीवरची परिचारिका तो हरलेला सामना खेळत राहते.

तथागतांनी पाळीही लावली

विनयातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागत आणि भदन्त आनंद तिथे आले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून उचलून दोघांनी त्याला मंचकावर निजवले. मग त्यांनी संघाला बोलावून सांगितले की इथे तुमची सेवा करायला आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे. आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपण प्रवचनात अनेकदा ऐकतो, पण बहुतेक वेळा इथेच थांबतो. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. तथागतांनी करुणेचे आवाहन करून विषय सोडला नाही. त्यांनी नियम केला : आजारी भिक्खूची सेवा उपाध्यायाने करावी, आचार्याने करावी, शिष्याने करावी, आणि कोणीच नसेल तर ती जबाबदारी संघाची. संघाने ती टाळली तर तो दोष. म्हणजे सेवा कोणा एकाच्या चांगुलपणावर सोडली नाही, संस्थेवर बांधली.

त्यांनी चांगल्या सेवकाचे पाच गुणही सांगितले. औषध तयार करता यावे. पथ्य आणि अपथ्य कळावे. लोभाने नव्हे, मैत्रीच्या मनाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना किळस नसावी. आणि रुग्णाला वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून धीर देता यावा. पहिले दोन गुण कौशल्याचे आहेत, पुढचे मनाचे. परिचर्या हे केवळ मायेचे काम नसून ज्ञानाचे काम आहे, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले गेले होते.

याच ग्रंथात आणखी एक तरतूद आहे. भिक्खूच्या मृत्यूनंतर त्याचे पात्र आणि चीवर यांचा मालक संघ असतो. पण ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांचे उपकार मोठे आहेत, म्हणून ते त्यांना देण्याची अनुमती तथागतांनी दिली. लोभाने सेवा करू नये हे सेवकाला सांगितले, आणि सेवकाला काही द्यावे हे संघाला सांगितले. आज मात्र उलटे घडते. सेवाभाव शिकवणारे वेतनाच्या वेळी गप्प बसतात.

सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना प्राण दिले. त्यांचा त्याग आपल्याला वंदनीय आहे. पण त्यागाची परंपरा दाखवून कोणाकडून रोज त्याग वसूल करता येत नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळत होते. त्यांच्या काळात पुढे आलेल्या कारखाने कायद्याच्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधीलाही जागा दिली. कामाचे तास आणि मनाची साधना या दोन वेगळ्या चळवळी आहेत असे त्यांना वाटले नाही; आपल्यालाही वाटू नये.

आपण युवकांनी काय करावे?

जव्हारजवळचे शिरपामाळ आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सुरतेच्या स्वारीला जाताना छत्रपती शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या मुकणे राजांनी त्यांचा शिरपेच देऊन सन्मान केला, असे सांगितले जाते. मोकळा माळ, वारा, आणि फिरायला आलेली माणसे पांगल्यावर भरपूर शांतता. परिचारिका, आरोग्यसेविका आणि आशाताई यांच्यासाठी महिन्यातून एकदा इथे अर्ध्या दिवसाची बैठक ठेवता येईल. सकाळी तासभर आनापान, मग एकमेकींशी बोलणे, सोबत आणलेली भाकरी, आणि घरी. व्यासपीठ नको, फ्लेक्स नको, पाहुण्यांची भाषणे नकोत. कोणत्याही समाजाची भगिनी आली तरी तिला परके वाटू नये. वारली, कोकणा, कातकरी घरांतल्या मुलीही याच सेवेत आहेत.

वेळ ठरवताना पाळीपत्रक विचारावे. आपल्या विहारांतील कार्यक्रम बहुतेक रविवारी सकाळी असतात, तेव्हा रात्रपाळीची सिस्टर झोपायला आलेली असते आणि सकाळपाळीची वॉर्डात असते. मग ‘नोकरदार मुली विहारात येत नाहीत’ अशी तक्रार आपणच करतो. महिन्यातून एक वंदना त्यांच्या वेळेवर घ्यायला काय हरकत आहे?

तिची दिवसाची झोप जपणे हे तर थेट आपल्या हातात आहे. वस्तीत रात्रपाळी करणारी कोणी असेल तर दुपारी त्या गल्लीत स्पीकर लावू नये. तिची मुले दोन तास विहाराच्या अभ्यासिकेत बसवावीत. घरातल्या पुरुषांनी चूल सांभाळावी. पंचशील घेतलेल्या घरात कामावरून आलेली बाई थेट भांड्यांकडे जात असेल, तर मैत्रीची भावना आपण नेमकी कोणासाठी म्हणतो?

आणि शेवटचे काम कार्यकर्त्यांचे. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये आला. दहा रुपयांचे शुल्क भरून विचारता येते : आपल्या तालुक्यातील रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतील कंत्राटी किती, रात्रपाळीत एका परिचारिकेकडे सरासरी किती रुग्ण असतात? उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावे लागते. ते उत्तर घेऊन लोकप्रतिनिधींकडे आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे जावे. परिचारिका स्वतः हे विचारायला बिचकतात, कारण नोकरी त्यांची असते. आपण विचारू शकतो. हे करताना कोणा एका सिस्टरचे नाव पुढे करून तिला अडचणीत आणू नये, एवढे भान ठेवावे.

ज्या दिवशी आपल्या भागातला एखादा युवक सकाळी आनापानला बसेल आणि त्याच दिवशी दुपारी रिक्त पदांचा अर्ज टाकायला तहसीलच्या गावी जाईल, त्या दिवशी सेदक सुत्तातल्या गोष्टीचा अर्थ आपल्याला कळला असे म्हणू. दुसरा बाण काढायला परिचारिकेला साधना शिकवू. पहिल्या बाणापैकी जो माणसांनी मारलेला आहे, तो थांबवायला तिच्या बाजूला उभे राहू.

नमो बुद्धाय, जय भीम.